निन्जा १००० विकून झेडएक्स-१०आर घ्यावी का? सोलापुरात राहून झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की कावासाकीची निन्जा १०००एसएक्स, म्हणजे लांबच्या प्रवासाची टूरर, बरीच चालवून झालीय, पुणे-हैदराबाद सगळं करून झालं, कधीमधी वहिनी पण मागं असतात, आणि आता त्यांचीच ट्रॅकच्या धाटणीची सुपरस्पोर्ट झेडएक्स-१०आर डोक्यात बसलीय, तर ती हाताबाहेर जाईल का आणि सोलापुरात असली गाडी ठेवण्यात काही अर्थ आहे का. मी पण हाच बदल केलाय, ह्याच दोन गाड्या, राहायला जुळे सोलापूर, त्यामुळं जे सांगतोय ते आपल्याकडच्या रस्त्यांचं सांगतोय. यूट्यूबवर परदेशातल्या ट्रॅकवर उभं राहून सांगतात ते वेगळं आणि आपला विजापूर रोड वेगळा.

आधी कागदावरचे आकडे बघा, कारण लोक फक्त पावर बघतात आणि तिथंच फसतात. तुमची गाडी १०४३ सीसी, पावर १४२ पीएस, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ १११ एनएम. १०आर ९९८ सीसी, २०३ पीएस, टॉर्क ११४.९. पावर साठ पीएसनी जास्त आणि टॉर्क जवळजवळ तेवढाच! आता तो टॉर्क कुठं मिळतो ते बघा, तुमच्या गाडीला ८००० आरपीएमला, १०आरला ११,४०० ला, आणि पूर्ण पावर तर १३,२०० ला. म्हणजे जे साठ पीएसचे जास्तीचे पैसे तुम्ही भरणार ते सगळे वरच्या मजल्यावर ठेवलेत. खाली चार-पाच हजारात, जिथं आपण हायवेला निवांत चाललेलो असतो, तिथं तुमची आत्ताचीच गाडी जास्त मोकळी ओढते. टेंभुर्णीच्या अलीकडं सहाव्या गिअरला ८० नी चाललाय आणि पुढं कंटेनर आहे, तर निन्जाला नुसता हात पिळला की विषय संपला, १०आरला मी दोन गिअर खाली टाकल्याशिवाय तो ओव्हरटेक करत नाही. क्विकशिफ्टर आहे, क्लच न दाबता गिअर पडतो, म्हणून त्रास वाटत नाही पण टाकायला लागतात हे खरं.

आणि वरचा मजला वापरायचा म्हटलं तर कुठं वापरणार? १०आरला पहिल्या गिअरलाच आठ हजारला साधारण नव्वदीच्या आसपास स्पीड असतो आणि पहिला गिअर पूर्ण ओढला तर दीडशे. पहिला गिअर! केंद्राच्या २०१८ च्या नियमानं चौपदरी हायवेवर बाइकला लिमिट ८० ची आहे. म्हणजे कायद्यात राहून चालवायची तर ह्या गाडीचा दुसरा गिअर पण जास्त होतो. मी काही संत नाही, सकाळी सहाला रिकाम्या हैदराबाद रोडला मी पण हात पिळतो, पण ते काही सेकंदाचं काम असतं, तेवढ्यात पुढं कुठलं तरी गाव येतं, डिव्हायडर फोडून केलेला कट येतो आणि त्यातनं कोण तरी दुधाचे कॅन लावलेली जुनी एम-८० घेऊन उलट्या बाजूनं येत असतो.

मग घेतली कशाला असं विचाराल. ब्रेक आणि पुढच्या चाकासाठी. पुढं ३३० एमएमच्या डिस्क, ब्रेम्बोचे एम५० कॅलिपर, आणि ती गाडी वळणात घालताना पुढचं टायर रस्त्यावर काय करतंय ते हाताला कळतं, खडी आहे, डांबर गुळगुळीत झालंय, सगळं. निन्जाला ते इतकं कळत नाही, तिला कम्फर्टसाठी मऊ ठेवलंय, लांबच्या प्रवासाला तेच बरोबर आहे. ही मजा एकदा लागली की सुटत नाही. फक्त अडचण अशी आहे मालक, की सोलापूरच्या चारी बाजूला सपाट माळ आहे, वळणं आहेत कुठं? तुळजापूरचा घाट, तो पण सुरू होईपर्यंत संपतो, आणि त्यात पुढं एसटी असली की झालं. खरी वळणं हवी तर पंढरपूर-म्हसवड करून साताऱ्याकडं जायचं, मग पसरणी, आंबेनळी वगैरे. म्हणजे तासाभराच्या घाटासाठी जाताना दोनशे आणि येताना दोनशे किलोमीटर सरळ रस्ता, आणि तो सगळा क्लिप-ऑनवर, म्हणजे खाली बसवलेल्या आखूड हँडलवर, वाकून. हे ज्याला परवडतं त्यानंच घ्यावी.

वाकण्याचं म्हणाल तर सीटची उंची दोन्ही गाड्यांना ८३५ एमएमच आहे, त्यामुळं शोरूममध्ये बसल्यावर पाय टेकतात आणि माणूस म्हणतो अरे ही तर सेमच आहे. सेम नाहीय. हँडल खाली गेलंय, फूटपेग वर आणि मागं गेलेत, गुडघे जास्त दुमडतात, आणि सगळं वजन मनगटावर यायला बघतं. सुरुवातीला मोहोळपर्यंत जाऊन आलं तरी मनगटं आणि मानेचा मागचा भाग ठणकायचा. ह्याच्यावर उपाय मनगटाचा पट्टा नाही, उपाय मांड्या आणि पोट. टाकी मांड्यांनी घट्ट धरायची, टाकीच्या बाजूला रबराची टँक ग्रिप चिकटवून घ्या पहिल्याच दिवशी, आणि वरचं शरीर पाठीच्या आणि पोटाच्या ताकदीवर धरायचं. बरोबर बसलाय का ते बघायची सोपी युक्ती आहे, साठच्या स्पीडला सरळ रस्त्यावर हँडल न सोडता दोन्ही कोपरं वरखाली हलवून बघायची, सहज हलली तर ठीक, हलवताना गाडी पण डुलली तर तुम्ही हँडलवर लोंबकळताय. टूररवर लोंबकळलं तर फार तर खांदे दुखतात, इथं खड्ड्यावरनं गेल्यावर पुढच्या चाकाचा झटका ताठ हातातनं परत हँडलमध्ये जातो आणि गाडी डोकं हलवते. १०आरला हँडलचे झटके दाबणारा ओहलिन्सचा स्टिअरिंग डॅम्पर येतो म्हणून बरंच आवरतं, पण हात ढिले ठेवायची सवय तुम्हालाच लावायला लागते. इंदापूरच्या पुढं मोकळ्या माळावर आडवा वारा लागला की हे सगळं एकदम आठवतं.

अजून एक, लोकांना वाटतं सुपरस्पोर्ट म्हणजे आखूड गाडी, पटकन फिरेल. १०आरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४५० एमएम आहे, तुमच्या गाडीचा १४४०. वर हँडल कमी वळतं. नवी पेठेत किंवा कुठल्या बोळात यू-टर्न मारायचा तर तुमची निन्जा एका दमात वळते, ही गाडी पुढंमागं करत, पायानं ढकलत वळवायला लागते आणि बाजूच्या टपरीवरचे सगळे चहा थांबवून बघत असतात. आणि आपला उन्हाळा! एप्रिलमध्ये पारा ४२-४३ ला जातो, सात रस्त्याच्या सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की फॅन सुरू होतो आणि गरम हवा थेट मांडीवर. हे कुठल्याही लिटर क्लासचं, म्हणजे हजार सीसीच्या गाडीचं, असंच असतं, पण तुम्ही जर कामाला जायला यायला वापरायचा विचार करत असाल तर सरळ नाही म्हणून सांगतो. एप्रिल-मेमध्ये आमची गाडी फक्त सकाळी साडेपाच ते आठ चालते.

हाताबाहेर जाईल का, हा तुमचा मुख्य प्रश्न. मोठ्या गाडीचा अनुभव आहे म्हणून एकदम नवख्यासारखं होणार नाही, पण टूररवरच्या तीन सवयी मोडायला लागतील. पहिली म्हणजे थ्रॉटल ढिसाळ हातानं उघडायची. निन्जाला वळणाच्या मध्यात थोडा जास्त पिळला गेला तरी ती सांभाळून घेते, १०आर नऊ-दहा हजारात असताना तेवढाच हात पिळला तर पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी लाइन सोडून बाहेर जायला लागते. ट्रॅक्शन कंट्रोल आहे, व्हीली कंट्रोल आहे, पण रस्त्यावर सांडलेलं डिझेल आणि पाचट ह्याच्यापुढं कुठलंच इलेक्ट्रॉनिक्स देव नाही. पहिले काही महिने रोड नाहीतर रेन मोडवरच ठेवा, कोण हसलं तर हसू द्या, रेन मोडला पण ती गाडी सोलापुरातल्या नव्वद टक्के गाड्यांच्या पुढं जाते. दुसरी सवय ब्रेकची. एकदम खच्चून दाबायचा नाही, आधी हलका दाबून पुढचा सस्पेन्शन बसू द्यायचा, वजन पुढच्या टायरवर आलं की मग पाहिजे तेवढा जोर. आणि तिसरी टायरची. टूररवर स्पोर्ट-टूरिंग टायर असतात, थंडीत पण लगेच धरतात. सुपरस्पोर्टच्या टायरला गरम व्हायला वेळ लागतो, त्यामुळं जानेवारीत गड्ड्याच्या दिवसातल्या पहाटे घरातनं निघाल्या निघाल्या पहिल्या वळणाला गाडी झुकवू नका, आठ-दहा किलोमीटर शांतपणे जाऊ द्या. हवा पण थंड टायरवरच तपासायची, दुपारी पंपावर जाऊन नाही.

रस्त्याचं तुम्हाला माहितीच आहे पण टूररवर बसून आणि वाकून बसून बघण्यात फरक पडतो म्हणून सांगतो. वाकल्यावर नजर आपोआप जवळ पडते, ती मुद्दाम लांब टाकायला लागते. कारखान्याचा सीझन सुरू झाला की संध्याकाळनंतर ही गाडी मी बाहेरच काढत नाही. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही रिफ्लेक्टर नाही, टेपरेकॉर्डर मात्र फुल. हेडलाइटमध्ये ती ट्रॉली दिसते तेव्हा ती काळी भिंत असते आणि तुमचा स्पीड तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्तच असतो, कारण ही गाडी शंभरला पण चाळीससारखी वाटते. आषाढीला पंढरपूर रोड आणि कोजागिरीला तुळजापूर रोड विसरायचा, तिथं चालणाऱ्यांचा मान.

खर्चाचं थोडक्यात. टाकी १७ लिटरची, तुमची १९ ची. हायवेला १४-१५ चं ॲव्हरेज धरलं तर पुणे गाठायच्या आधीच रिझर्व्हचा दिवा डोकावतो. मागचं टायर चार-पाच हजार किलोमीटरमध्ये झिजतं, टूरिंग टायर ह्याच्या दुप्पट सहज जातो. सर्व्हिसला पुणे गाठायचं, ते तुम्ही आत्ता पण करताच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी झालाय, आधी सेस धरून ३१ होता, त्यामुळं ऑन-रोड किंमत विचारताना जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका. सेकंडहँड बघत असाल तर ट्रॅकवर पडलेली गाडी ओळखायला हँडलचे टोक, लिव्हर आणि फूटपेगच्या कडा बघा, फेअरिंग नवी लावता येते, ह्या गोष्टी लोक बदलायला विसरतात.

माझं मत विचाराल तर तुम्हाला नक्की काय पाहिजे त्यावर आहे. हायवेला सणसणीत ओढ पाहिजे, पुणे-हैदराबाद पण चालूच ठेवायचंय, तर १०आर नको, सुझुकीची हायाबुसा बघा. १३४० सीसी, १९० पीएस, पण टॉर्क १५० एनएम आणि तो ७००० ला, म्हणजे वापरता येण्यासारख्या जागी. वजन २६६ किलो आहे, पार्किंगमधनं काढताना घाम फुटेल, पण सरळ रस्त्याला तिच्यासारखी बैठक नाही आणि आपल्याकडं रस्ता सरळच आहे. वळणं शिकायची असतील, अंगातला जुना टूररवाला काढायचा असेल, तर झेडएक्स-६आर, ६३६ सीसी, कमी पैशात जास्त शिकवते, तिला पूर्ण पिळायची संधी तरी मिळते. आणि १०आरच पाहिजे, स्वप्नच ते आहे, तर घ्या, मी घेतलीच की, फक्त त्याच्यासोबत ट्रॅकचं बजेट धरा. चेन्नईजवळ एमएमआरटी, म्हणजे मद्रास मोटर रेस ट्रॅक, हा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे, म्हणजे कीथ कोडनी १९८० साली सुरू केलेल्या शाळेचे वर्ग तिथं होतात, इथनं गाडी टेम्पोत टाकून नेणारे लोक आहेत. तो वरचा मजला मी पहिल्यांदा नीट बघितला तो तिथं, दहा हजारच्या पुढं गाडीचा आवाज बदलतो आणि ती जी निघते त्याच्यासाठी साताऱ्याचा घाट पण अपुरा आहे.

निन्जा लगेच विकू नका, जमत असेल तर सहा महिने दोन्ही ठेवा. मी अजून ठेवलीय, पुण्याला पाहुण्यांकडं जाताना बॅगेत चादरी, शेंगाचटणी, कडक भाकरीचा डबा असतो, १०आरवर रुमाल ठेवायला जागा नाही.

आणि वहिनींचं. १०आरची मागची सीट म्हणजे पाटासारखी आहे, छोटी, उंच, धरायला काही नाही, ब्रेक मारला की मागचं माणूस पूर्ण तुमच्या पाठीवर येतं आणि ते वजन परत तुमच्या मनगटावर. आमच्या घरच्या एकदा तुळजापूरपर्यंत आल्या, परत येताना म्हणाल्या मी एसटीनं येते. तेव्हा बुकिंगच्या आधी वहिनींना शोरूमला घेऊन जा, मागं बसवा, दहा मिनिटं बसू द्या, आणि टोकन त्यानंतर द्या.