छोट्या जलविद्युत प्रकल्पांमुळे स्थलांतर करणाऱ्या माशांना खरंच त्रास होतो का?

होतो. उत्तराखंडातला सोनेरी महासीर घ्या. पावसाळ्यात पाणी चढलं की तो मोठ्या नदीतून उपनद्यांमध्ये वर जातो आणि गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. वाटेत दोन-तीन माणसं उंचीचा बंधारा आला की संपलं.

पण माझ्या मते बंधाऱ्यापेक्षा वाईट असतो तो त्याच्या खालचा कोरडा पट्टा. ‘आम्ही पाणी साठवत नाही, वाहतं पाणीच वापरतो’ असं प्रकल्पवाले सांगतात. खरंय, पण ते कालव्यात किंवा बोगद्यात वळवून बरंच खाली वीजघराशी नदीत सोडतात. मधल्या नदीत हिवाळ्यात घोटाभर पाणी आणि उघडे धोंडे. ‘असेला’ या माशासारखे थंड पाण्यातले मासे तिथे डबक्यांत अडकतात. खाली निघालेली पिल्लं कालव्यात शिरली तर थेट टर्बाइनमध्ये.

एकाच नदीवर ओळीने चार-पाच प्रकल्प असले तर हिशेब तुम्हीच करा. शिवाय केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार २५ मेगावॉटच्या आतल्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, त्यामुळे आधी कोणते मासे होते हे तपासायची सक्तीही नाही. मत्स्यशिडीवर, म्हणजे माशांना बंधारा चढून जाता यावा म्हणून केलेल्या पायऱ्यांच्या वाटेवर, फार भिस्त ठेवू नका. जुने नावाजलेले आराखडे सॅमनसाठी केलेले आहेत, आणि सॅमन उडी मारण्यात पटाईत.