वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या, पाणी आणि प्लॅस्टिकचे कण

प्रश्न : आमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्या), सुका जवळा आठवड्यातून दोनदा तरी होतो. त्यातलं बारीक प्लॅस्टिक थेट पेशींत शिरतं म्हणतात, खरं का? – एक वाचक, मालवण

उत्तर : सगळे शिरत नाही, प्रश्न आकाराचा आहे. जाळ्याच्या नायलॉनचा डोळ्यांना दिसणारा तंतू बहुधा शौचावाटे निघून जातो. आपली तांबडी रक्तपेशी जेमतेम 7-8 मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्यापुढे तो तंतू म्हणजे ओंडकाच. पेशीत जातात ते काही मायक्रॉनचे कण आणि एका मायक्रॉनहून लहान नॅनो कण.

भक्षक पेशी जंतू गिळते तसाच हा कणही गिळते आणि लायसोसोम नावाच्या आम्लाच्या पिशवीत टाकते. जंतू तिथे विरघळतो. पॉलिथिलीनसारखे प्लॅस्टिक तोडणारे विकर (एन्झाइम) मात्र आपल्या शरीरात नाहीच. कण तसाच पडून राहतो, पिशवी फुगते, कधी फाटून आतली विकरे पेशीत सांडतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे काम बिघडते, ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू वाढतात, पेशी आयएल-6सारखे दाहाचे संदेश सोडू लागते.

हे बहुतेक प्रयोगशाळेत दिसलेले आहे, आणि तिथे अनेकदा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे गुळगुळीत गोल मणी भरमसाट मात्रेत वापरतात. समुद्रातला कण वेडावाकडा, उन्हाने झिजलेला असतो. म्हणून ते आकडे थेट आपल्या ताटाला लावू नयेत. माणसांतला ठळक पुरावा 2024चा, इटलीतला : मानेच्या धमनीतला मेदाचा थर काढलेल्या 257 रुग्णांपैकी ज्यांच्या थरात प्लॅस्टिक होते, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका साडेचार पट दिसला. हा संबंध झाला. प्लॅस्टिकनेच झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही.

प्रश्न : मग तिसऱ्या चांगल्या धुतल्या की झालं?

उत्तर : वरून धुऊन चिखल जातो, पोटातले जात नाही. बांगड्याचे पोट आपण काढून टाकतो; तिसरी आणि जवळा पोटासकट खातो, फरक तिथे आहे. तिसरी पाणी गाळून जगते, तेव्हा तिलाच स्वच्छ पाणी गाळू द्या. एक लिटर पाण्यात साधारण 30 ग्रॅम मीठ विरघळवा. पसरट स्टीलच्या भांड्यात तिसऱ्या एकाच थरात, सावलीत चारेक तास ठेवा. मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर बाहेर टाकलेलेच त्या परत ओढतात. गोड्या पाण्यात त्या तोंड मिटून घेतात, मग काहीच निघत नाही. शेवटी हाताने वरच्यावर उचला. भांडे ओतले की तळाची घाण पुन्हा अंगावर. टिचकी मारूनही मिटत नाही ती तिसरी मेलेली, फेकाच. तिच्यामुळे होणारी विषबाधा प्लॅस्टिकच्या आधी गाठेल. यानेही सगळे कण निघत नाहीत, कमी होतात.

प्रश्न : पाणी उकळल्याने कण जातात असं वाचलं.

उत्तर : जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या कठीण पाण्यात जातात. उकळताना चुन्याचा साका बसतो, त्यात कण अडकतात, मग गाळायचे. 2024च्या चिनी प्रयोगात लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणतेच्या पाण्यातून सुमारे 90 टक्के कण निघाले, मऊ पाण्यातून पाव हिस्साच. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी सहसा मऊ. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीतला गरम पार्सल चहा बंद करा. उष्णतेने कण सुटतात. घरून किटली न्या.