परसात पहिल्यांदा वांगी लावताना
दादा, पहिला पाऊस पडला की हौसेनं कुदळ उचलू नका. आपल्या खान्देशातली काळी माती चिखलात खणली तर ढेकळं होतात, आणि वाळली की ती विटेसारखी. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर राहील पण चिकटणार नाही इतकी सुकू द्या. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर खणा, चपटला तर दोन दिवस थांबा.

भरताच्या वांग्याचं रोप चार-पाच आठवड्यांचं झालं की संध्याकाळी लावा, दोन रोपांत अडीच-तीन फूट अंतर. जागा वाया गेल्यासारखी वाटेल, वाटू द्या.

एखादाच शेंडा मान टाकू लागला तर लगेच बादली ओतायची नाही. तो चिरून बघा, बहुधा आत गुलाबीसर अळी असते. कोमेजल्या भागाच्या बोटभर खालून कापून जाळा. उकिरड्यावर टाकलात तर तिचीच पुढची पिढी फळं पोखरेल. अख्खं झाड मलूल असेल, तर मात्र आधी मुळाशी पाणी साचलंय का ते पाहा.

उन्हाळ्यात झाडाभोवतीच्या आळ्यात (पाण्यासाठी केलेल्या खोलगट गोलात) केळीची वाळकी पानं तीन-चार बोटं जाड पसरा. खोडापासून वीतभर दूर, नाहीतर खोड कुजतं.