पोनी उडीला अडतो, तेव्हा

प्रश्न : आमच्या बारा वर्षांच्या मुलीचा पोनी तेरा हात (घोड्याच्या मापातला ‘हात’ म्हणजे चार इंच) उंचीचा, नऊ वर्षांचा आहे. ७० सेंटीमीटरच्या उड्या बिनतक्रार मारायचा. दिवाळीनंतर अडायला लागलाय. पहिल्या दोन-तीन उड्या नीट होतात, मग ऐन अडथळ्यासमोर पाय रोवतो. जोड-अडथळ्यात (लागोपाठ मांडलेले दोन अडथळे) तर दुसऱ्यावर हटकून. लंगडत नाही, दाणापाणी व्यवस्थित. मुलगी उंच झाली म्हणून नुकतंच मोठं खोगीर घेतलं. नाल बदलून सात आठवडे झाले. प्रशिक्षक म्हणतात, हट्टी झालाय, चाबूक लावा. काय करावं?
– एक पालक, पुणे

उत्तर : चाबूक अजिबात नको. इतके दिवस खुशीने उड्या मारणारा पोनी एकाएकी अडतो, तेव्हा काहीतरी बदललेलं असतं आणि बहुतेकदा काहीतरी दुखत असतं. दुखत असताना मार बसला, तर उडी आली की दुखतं आणि वर मारही बसतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. मग दुखणं बरं झालं तरी अडणं सुटत नाही. कारण सापडेपर्यंत उड्या बंद ठेवा.

सुरुवातीच्या उड्या नीट आणि मग नकार, ही तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी खूण. उडीनंतर जमिनीवर येताना सगळा भार पुढच्या पायांवर पडतो. तिथे दुखत असेल, तर दोन-तीनदा उतरल्यावर ते त्याला असह्य होतं. मागचे पाय किंवा कंबर दुखत असती, तर तो सहसा झेप घ्यायलाच कुरकुरला असता, कँटरमध्ये (दुडक्या चालीपेक्षा वेगाची, झेपा टाकत जाणारी चाल) मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीने टाकले असते, दांडे पाडले असते. म्हणून आधी पुढचे खूर बघा. पावसाळ्यात तळवे मऊ पडतात आणि दिवाळीनंतर आपल्याकडची जमीन दगडासारखी कडक होते. त्यात नालाला सात आठवडे म्हणजे उशीरच. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद यायला हवा. खुराचं टोक वाढलं की पाय उशिरा उचलला जातो आणि टाचेवर ताण येतो.

‘लंगडत नाही’ एवढ्यावर विसंबू नका. पोनीला कडक, सपाट जमिनीवर दोरी सैल सोडून दुडक्या चालीने पळवा. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील, तर मात्र डोकं हलतच नाही, फक्त पावलं आखडतात. पुष्कळांची फसगत होते ती इथेच. तेव्हा लांब दोरीवर आठ-दहा मीटरच्या वर्तुळात दोन्ही दिशांनी फिरवा. आतला पाय दुखरा असेल, तर त्या दिशेला चाल बिघडते.

मग खुरांवर हात ठेवा. घोट्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटं हलकेच टेकवली की नाडी लागते. निरोगी पायात ती जेमतेम जाणवते. ठणठण उडत असेल, खूर गरम असतील आणि पोनी भार मागे टाकून उभा राहत असेल, तर तो खुराच्या आतला दाह असू शकतो. पोनींना हा आजार लवकर जडतो. गोडसर हिरवा चारा, जास्तीचा दाणा, लाडाने दिलेला गूळ ही नेहमीची कारणं. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा, दाणा आणि गूळ बंद करा, पायाखाली जाड भुसा पसरा आणि त्याला चालवू नका.

खूर निर्दोष निघाले, तर खोगीर. मोठं खोगीर मुलीला बसलं, पोनीला बसलं का? खाली गादी न घालता ते ठेवा आणि तंग (पोटाखालचा पट्टा) आवळा. पुढे, खांद्यांमधल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची जागा हवी. मागून पाहिलं की पाठीच्या कण्यावरून आरपार उजेड दिसायला हवा. शेवटची बरगडी बोटांनी चाचपून शोधा. खोगिराचा भार तिच्या मागे, कमरेवर जाता कामा नये. आखूड पाठीच्या पोनीवर तो हमखास जातो. काम झाल्यावर खोगीर उतरवून घाम पाहा. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा ठिपका राहिला, तर तिथे खोगीर रुततंय किंवा टेकतच नाही.

जोड-अडथळ्यातल्या नकाराला आणखी एक कारण असू शकतं, ते टेपने मोजा. मोठ्या घोड्याची कँटरची झेप साधारण ३.६ मीटर असते, म्हणून मध्ये एक झेप, शिवाय उतरायला आणि पुढची उडी घ्यायला जागा, असं धरून दोन अडथळ्यांत सव्वासात मीटरच्या आसपास अंतर ठेवतात. तेरा हाती पोनीची झेप तीन-सव्वातीन मीटर. घोड्यांसाठी मांडलेल्या अंतरात तो दुसऱ्या अडथळ्याला एक तर फार लांबून येतो, नाहीतर अगदी नाकाशी. त्याच्यासाठी सरावात साडेसहा मीटरपासून सुरुवात करा.

पशुवैद्याने हिरवा कंदील दाखवला, की बंदिस्त आवारात पाठीवर कोणी नसताना ४० सेंटीमीटरच्या अडथळ्यावरून सोडून पाहा. मोकळा असताना आनंदाने गेला, तर दोष खोगिरात किंवा स्वारीत शोधा. मुलगी झेपेच्या आधीच पुढे झुकते का, उडीत लगाम खेचला जातो का, हे बाजूने व्हिडिओ काढून पाहा. तोंडाला हिसका बसेल या धास्तीनेही पोनी थांबतात. मग जमिनीवरचे दांडे (दुडक्या चालीला १.१ ते १.२ मीटर अंतर), फुलीचा अडथळा (फुलीसारखे तिरके टेकवलेले दोन दांडे), असं चढत जा. उंची आठवड्याला फार तर एकदा वाढवा. अडला की लगेच उंची उतरवा आणि तो जाईल अशा अडथळ्यावर त्या दिवसाचं काम संपवा.

प्रश्न : स्पर्धेपुरतं वेदनाशामक दिलं तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. दुखणं दबलं की पोनी दुखऱ्या पायावर पूर्ण जोराने उतरतो आणि किरकोळ इजा मोठी होते. नेहमीचं फेनिलब्युटाझोन पोनींना मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर बाधतं. पोटात अल्सर होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांतही ते नियंत्रित औषध आहे, स्पर्धेच्या काळात रक्तात सापडून चालत नाही. पशुवैद्याने उपचारासाठी दिलं असेल, तर तेवढे दिवस पोनीला विश्रांती द्या.