आधी माल, मग देश

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सोबतच्या, रसायनं निर्यात करणाऱ्या देशांच्या तिन्ही याद्याही नीट बघितल्या. एकीत जर्मनी पहिला, दुसरीत चीन, तिसरीत युरोपीय संघाचे सगळे देश एका गाठोड्यात बांधून सर्वांच्या वर ठेवलेले. शिवाय एवढासा आयर्लंड इतक्या वर कसा, म्हणून तू रात्री एक वाजता लिहायला बसलास. "मॅडम, यातली खरी यादी कोणती?" अरे, तिन्ही खऱ्या आहेत. दुखणं तेच तर आहे.

या धंद्यात पडावं की नाही हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुला कंपनीने अहवाल करायला सांगितलाय, 'प्रमुख निर्यातदार देश आणि आपण कुणावर अवलंबून राहावं'. तू देशांपासून सुरुवात केलीस. मीही तशीच केली होती. म्हणून एकदाच आणि मोठ्याने सांगते: आधी माल, मग देश.

'रसायनं' हा माल नाही. ते कपाट आहे. जगभरचे कस्टम्सवाले १९८८ पासून ज्या एचएस कोडने माल ओळखतात, त्यात २८ वा अध्याय अकार्बनी रसायनांचा, २९ वा सेंद्रिय, ३० वा औषधांचा, ३१ वा खतांचा, ३२ वा रंगांचा, असं ३८ पर्यंत जातं. ३९ वा प्लास्टिकचा. कुणी ३० वा धरतो, कुणी वगळतो, कुणी ३९ वाही आत ओढतो. औषधं काढलीस की स्वित्झर्लंड धाडकन खाली येतो. आयर्लंडही उतरतो, पण पुरता जात नाही, कारण औषधांमधले घटक २९ व्या अध्यायातूनही भरपूर जातात. एवढं एक कळलं असतं तर तुझी ती रात्र वाचली असती. आयर्लंडचं म्हणशील, तर तिथे बड्या औषध कंपन्यांचे कारखाने आहेत, कंपनी-कर बरीच वर्षं साडेबारा टक्के होता, आणि किलोला सोन्यासारखा भाव असलेला पदार्थ डॉलरमध्ये मोजला की छोटा देशही राक्षस दिसतो. तोच तक्ता टनांमध्ये मांड, आयर्लंड शोधावा लागेल.

आणि चीन. जगातल्या रसायनांच्या विक्रीत चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनचा. पण त्यातला बहुतेक माल तिथेच खपतो. निर्यातीची यादी बघून चीनचं बळ मोजणं म्हणजे वाड्याच्या दारातून बाहेर येणारी माणसं मोजून आतलं कुटुंब किती मोठं ते ठरवणं. बेल्जियम आणि नेदरलँड्सचं उलट. कारखाने तिथे खरोखर आहेत, अँटवर्प बंदराभोवतीचा रासायनिक पट्टा युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. पण अँटवर्प आणि रॉटरडॅममधून नुसता येऊन पुढे जाणारा मालही त्यांच्या आकड्यांत शिरतो. निर्यात केली म्हणजे बनवलं, असं नाही. हे वाक्य तुझ्या अहवालात कुठेच नाही. का नाही?

मालाकडून निघालं की काय दिसतं, ते एकाच पदार्थावर दाखवते. कॉस्टिक सोडा घे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक एकत्रच निघतात, एक टन क्लोरीनमागे साधारण १.१ टन कॉस्टिक. यातलं एक सोडून दुसरं बनवता येत नाही. क्लोरीन विषारी वायू, त्याला समुद्रापार कुणी सहसा पाठवत नाही. तो जागच्या जागी पीव्हीसी या प्लास्टिककडे जातो. कॉस्टिक मात्र टँकरमध्ये भरून जगभर फिरतो, अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा कच्चा माल) आणि कागदाच्या कारखान्यांकडे. मग कुठल्यातरी देशात घरबांधणी थंडावली, पीव्हीसीचे पाइप खपेनासे झाले, की क्लोरीन नको होतो, प्लांट मंद चालतो आणि कॉस्टिक महागतो. ज्याचा पाइपशी काडीचा संबंध नाही त्या कागदवाल्याला फटका. ही साखळी देशांच्या कुठल्याही यादीत दिसणार नाही. आधी माल, मग देश.

अमोनियाही तसाच. तो हवेतल्या नायट्रोजनचा, पण त्याला लागणारा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून येतो. म्हणून त्रिनिदादसारखं चिमुकलं बेट मोठा निर्यातदार झालं, आणि २०२२ मध्ये वायू महागल्यावर युरोपचा जीव घुसमटला. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने २०२३ च्या फेब्रुवारीत लुडविग्सहाफेनच्या आपल्या मूळ गडावरचा एक अमोनिया प्लांट बंद करत असल्याचं जाहीर केलं. रशियातल्या तोल्यात्तीपासून युक्रेनच्या ओदेसापर्यंतची अमोनियाची पाइपलाइन युद्ध सुरू झालं त्याच महिन्यात थांबली. देशाचा क्रमांक हा मालाच्या पोटातल्या कच्च्या मालाचा क्रमांक असतो. उलटी गोष्ट अमेरिकेची: खडकातून काढलेल्या शेल गॅसमुळे इथेन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, इतका स्वस्त झाला की २०१६ पासून तो थंड करून, द्रवरूपात जहाजांनी युरोपला जाऊ लागला.

आणि क्रमांक कायमचा असतो असं वाटत असेल तर चिलीकडे बघ. अटाकामा वाळवंटातला सोरा जगभर खत आणि दारूगोळ्यासाठी जायचा, सरकारच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग त्याच्या निर्यातकरातून यायचा. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला कृत्रिम अमोनियाचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे सोऱ्यावाचून खत-दारूगोळा बनू लागला. आज हंबरस्टोन हे तिथलं सोऱ्याचं गाव ओस आहे, २००५ पासून जागतिक वारसा यादीत. यादीत यायची हीही एक तऱ्हा.

आता माझं. तुला सांगायचं नव्हतं, पण तुझ्या अहवालातलं 'दोन देशांतून खरेदी केल्यास धोका निम्मा होतो' हे वाक्य वाचलं आणि राहवेना. हेच वाक्य मी लिहिलं होतं, जवळपास याच शब्दांत. एका इंटरमीडिएटसाठी, म्हणजे पुढचं रसायन बनवायला लागणाऱ्या मधल्या पदार्थासाठी, दोन पुरवठादार धरले, दोन वेगळ्या देशांतले, दोन्ही देश यादीत मानाच्या जागी. माझं कौतुक झालं. मग एका आठवड्यात दोघांचीही फोर्स मेज्यूरची, म्हणजे 'हाताबाहेरच्या कारणाने माल देता येत नाही' अशी, पत्रं आली. दोन्ही पत्रांत कारणाचा परिच्छेद शब्द न् शब्द तोच होता. दोघंही तिसऱ्या देशातल्या एकाच प्लांटचा माल आणून, विद्रावकात मिसळून, नवं लेबल लावून आम्हाला विकत होते. त्या प्लांटला आग लागली होती. आमची लाइन अकरा आठवडे बंद राहिली. कंत्राटावरच्या माणसांना घरी पाठवलं, त्यांतली बरीचशी परत बोलावली गेलीच नाहीत.

कागद नियमांत बसत होते, हे मी तेव्हा चौकशीत सांगितलं आणि आजही सांगते. मूळ उत्पादक कोण, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. भाव चांगला होता, माल वेळेवर येत होता, दोन देश हवेत असं वरूनच आलं होतं. मी दिलेल्या सूचनेप्रमाणे वागले. हे सगळं खरं आहे. पण आग लागण्याच्या दोन महिने आधी दोन्ही पुरवठादारांचे सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचे दाखले, माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होते. लॉट नंबरची, म्हणजे बनवणारा प्रत्येक खेपेला देतो त्या क्रमांकाची, ठेवण एकच होती. तीच तीन अक्षरं, मग आडवी रेघ, मग वर्ष. मी बघितलं. विचित्र वाटलं. आणि सही केली.

तेव्हापासून मी कुणालाही पहिला प्रश्न हा विचारते की हा पदार्थ नेमका कुठल्या प्लांटमध्ये बनतो. लोक चिडतात. विक्रेते म्हणतात, ही माहिती गोपनीय आहे. मी म्हणते, मग मालही तुमच्याकडेच ठेवा. माझ्यामागे हेकट म्हणायचे, म्हणू देत. त्या हेकटपणाने नंतर दोनदा कंपनी वाचली. माझी बाजू मांडतेय असं वाटेल तुला. मांडतेच आहे.

तर तो अहवाल फाड. म्हणजे फाडू नकोस, बाजूला ठेव. तुमची कंपनी खरोखर घेते ते सात-आठ पदार्थ काढ. प्रत्येकाचा सहा आकडी कोड, कच्चा माल, जगात तो बनवणारे प्लांट, आणि तो कुठल्या मार्गाने येतो, एवढं भर. देशाचा रकाना सगळ्यांत शेवटी ठेव. गेल्या वर्षभराचे सीओए मागवून घे आणि लॉट नंबर एकाखाली एक लिहून काढ, संगणकावर नको, हाताने. दोन पुरवठादारांचे नंबर सारखे दिसले तर मला लगेच फोन कर, रात्री एक वाजता केलास तरी चालेल.

तुझी,
मॅडम