आईचा नवरात्राचा उपास आणि दर आठवड्याची किमो

‘उपास धरू दिला तर इलाजाचं काय, आणि सोडायला लावला तर तिच्या मनाचं काय?’ घटस्थापना जवळ आली की कॅन्सरच्या रुग्णांची मुलं-सुना हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. उत्तर म्हणून एका घराची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू केज तालुक्यातल्या, वय साठीच्या आतबाहेर. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. संभाजीनगरला पाच आठवडे रोज शेक, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाची किमो आणि शेवटी आतून द्यायचा शेक, असा बेत ठरला. रोज गावाहून ये-जा जमणार नव्हती, म्हणून दवाखान्याजवळ खोली घेतली. काकूंसोबत धाकटी सून राहिली. धाकटा मुलगा शेती बघून येऊन-जाऊन, थोरला पुण्यात नोकरीला.

माझ्याकडे आधी थोरला आला तो तावातावात. ‘मॅडम, आई नऊ दिवस उपास धरणार म्हणते. धाकट्यानं तुळजापूरला नवस बोललाय. ही अंधश्रद्धा तुम्हीच काढा तिच्या डोक्यातून.’ मी म्हटलं, तुळजाभवानी कोणाच्या डोक्यातून काढायचं काम मला जमत नाही. आधी काकूंशी बोलू द्या.

काकू बराच वेळ शेताचं, पावसाचं बोलत राहिल्या. सून पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘थोरल्याच्या लग्नाचा गोंधळ राहिला, बाई. लग्न पुण्याच्या हॉलात झालं. म्हणून भवानीआईनं मला धरलं आसंल.’

उपासाचं मूळ इथं होतं. ती भक्ती होती तशी दंडाची भरपाईही होती. असा उपास ‘तब्येतीला चांगला नाही’ म्हणून कोणी सोडत नाही. उलट जितका त्रास होईल तितकी फेड झाली असं वाटतं.

आजार कशामुळे झाला ते मी सांगितलं. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो बहुतेक बायकांना कधी ना कधी लागतो आणि आपोआप जातो. काहींमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहतो आणि मग असा आजार होतो. हे सांगताना मी फार जपते. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो एवढंच अर्धवट कानावर गेलं, तर घरात बाईच्या चारित्र्यावर बोट जायला वेळ लागत नाही. म्हणून मुलांनाही बसवून पूर्ण सांगितलं, आणि सुनेला तपासणी करून घ्यायला लावली. तुमच्या शेजारच्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, हेही सांगितलं. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या आजाराचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. सून म्हणाली, ‘मग आमच्या गावात कोणी सांगितलं कसं नाही?’ याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उपासाचं मात्र स्पष्ट सांगावं लागलं. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणतं. त्या दिवसांत पोटात भरपूर पाणी जायला हवं, उलट्या झाल्या तरी. अंगात रक्त कमी असेल तर शेकाचा गुणही कमी येतो. आणि सगळे शेक आठ आठवड्यांच्या आत संपायला हवेत. मध्ये खंड पडला तर आजार परत उलटण्याची भीती वाढते. म्हणजे अशक्तपणानं चार दिवस बुडवणं किंवा दर्शनासाठी मध्येच तुळजापूरला जाणं, दोन्ही महागात पडलं असतं. अंगारा कपाळाला लावा, पण पोटावर शेकासाठी आखलेल्या खुणांना तेल, हळद, अंगारा काही लागू देऊ नका, एवढी सूचनाही दिली.

काकूंनी सगळं ऐकलं आणि मान हलवली नाही.

तोडगा सुनेनं काढला. ती म्हणाली, ‘आत्याबाई, घट मी बसवते, उपास मी धरते. देवीसुद्धा दसऱ्यापासून पुनवेपर्यंत मंचकावर पाठ टेकते. तुम्ही आधी टेका.’ तुळजापूरची देवी नवरात्र संपल्यावर श्रमनिद्रा घेते हे काकूंना कोणी शिकवायला नको होतं. त्या हसल्या. मी इतकी शास्त्रीय माहिती दिली होती, त्यातलं काही या एका वाक्याइतकं चाललं नाही!

मंगळवारी जोगवा मागायची काकूंची जुनी रीत होती. सुनेनं त्यांच्या नावानं परडी घेऊन खोल्या भाड्यानं देणाऱ्या त्याच वाड्यात पाच दारी जोगवा मागितला. सगळी दारं रुग्णांच्याच घरांची. तेव्हापासून किमोच्या दिवशी कोणीतरी पेज करून ठेवू लागलं.

थोरल्याला मी देवाधर्मात ओढलं नाही. त्याच्याकडे फाईल दिली: किमोच्या आधीचे रक्ताचे रिपोर्ट, महात्मा फुले योजनेचे कागद, शेकाच्या तारखा. त्याचा राग बराचसा रिकाम्या हातांचा होता.

सगळं सुरळीत झालं नाही. धाकट्यानं एका भगताकडून आणलेला कडू काढा त्या दोघा नवराबायकोनं काकूंना लपवून दिला. पुढच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारा आकडा, वाढलेलं निघालं आणि त्या आठवड्याची किमो पुढं गेली. काढ्यानंच वाढलं असं मी म्हणणार नाही, किमोनंही वाढतं. पण डॉक्टरांना ठाऊक नसेल तर ते कारण शोधणार कुठं? भाऊ-भाऊ त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर भांडले. मी मध्ये पडले नाही. काढा बंद झाला. शेक ठरल्या मुदतीत संपले.

मग थोरल्यानं विचारलं, ‘राहिलेला गोंधळ तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनआधी घालावा की नंतर?’ माझ्या मते हा त्यानं विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न. मी म्हटलं, आधी. नंतर ठेवलात तर गोंधळ रिपोर्टवर अवलंबून राहील, आणि रिपोर्ट वाईट आला तर कोणाची भक्ती कमी पडली याचा हिशेब काकूंच्याच समोर सुरू होईल. शाकंभरी नवरात्रात घरीच गोंधळ झाला. खर्च थोरल्यानं केला, संबळ वाजायला लागल्यावर तो बाहेर जाऊन बसला म्हणे, आणि त्याबद्दल कोणी त्याला काही बोललं नाही.

स्कॅन चांगला आला. सध्या काकू दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात. फाईल अजून थोरल्याकडेच आहे.