पेटी घ्यायची घाई नको, आधी रविवारी या

मागच्या अंकात आमच्या मधमाशीवाल्या ग्रुपबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, महिन्यातले दोन रविवार सकाळी नाशिकजवळ मखमलाबादच्या एका मळ्यात आम्ही जमतो एवढंच, तर त्यावर इतकी पत्रं आली की ह्या वेळचं अख्खं सदर मधमाश्यांनाच देऊन टाकलंय.

प्रश्न : गंगापूर रोडला राहतो, नुकताच रिटायर झालोय. टेरेस मोठी आहे, दोन पेट्या ठेवायचा विचार आहे. पेटी कुठून घेऊ आणि पहिल्या वर्षी मध किती निघेल?

काका, पेटी कुठेही मिळेल हो, पण आत्ता घेऊ नका. एक वर्ष दुसऱ्याच्या पेट्या उघडा, मग घ्या. हे मी अगदी मनापासून सांगतेय कारण माझी पहिली वसाहत मी अशीच घालवली. सातेरी माशी होती, आपल्याकडची देशी, आणि मला इतकं अप्रूप की मी रोज संध्याकाळी झाकण उघडून बघायचे, राणी दिसते का, मध भरला का, आणि एक दिवस उघडलं तर आत नुसती रिकामी पोळी. माश्या घर सोडून गेल्या होत्या. सातेरीला सारखा त्रास दिला, मुंग्या लागल्या, खायला कमी पडलं की ती सरळ निघून जाते, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

ग्रुपमध्ये नवीन माणसाला आम्ही पहिल्यांदा काय शिकवतो सांगू का, राणी शोधायची नाही, अंडी शोधायची. पेटीतली पोळं बांधलेली लाकडी चौकट हातात घ्यायची, पाठ उन्हाकडे करायची म्हणजे ऊन खांद्यावरून थेट पोळ्याच्या घरांमध्ये पडतं, आणि मग तळाशी पांढरा, सुईच्या टोकाएवढा दोरा दिसतो ते अंडं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं आणि फुटून अळी निघते. म्हणजे उभं अंडं दिसलं की समजायचं राणी काल-आज इथेच होती, झाकण लावायचं, झालं काम. पहिल्या तीन-चार वेळा कोणालाच दिसत नाही, मलाही दिसलं नव्हतं, पण एकदा दिसलं की मग डोळा कधीच चुकत नाही.

आणि वर्षभर यायचं ह्यासाठी म्हणते की नाशिकचं वर्ष माश्यांसाठी सारखं नाही. ऑक्टोबरच्या सुमाराला पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे डोंगरउतारावर खुरासणी, म्हणजे कारळ्याचं तेलबियांचं पीक, पिवळीधम्मक फुलते तेव्हा पेट्या तिकडे नेल्या तर चैन असते, मग पुढे कोथिंबिरीचं बी, कांद्याचे डोंगळे म्हणजे बियाण्याच्या कांद्याचे फुलांचे गेंद, उन्हाळ्यात करंज, जांभूळ. खरी परीक्षा पावसाळ्याची. बाहेर फुलोरा नाही, माशीला उडता येत नाही, आतला साठा संपत येतो, त्यात मेणकिडा पोळ्यात शिरतो. तेव्हा साखर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पाक द्यावा लागतो, तोही संध्याकाळीच, नाहीतर दिवसा वासाने दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. जो पावसाळ्यात भिजत येऊन पाक घालतो त्याने खुशाल पेटी घ्यावी. मधाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी त्यांचा मध त्यांनाच राहू द्या. रीतसर कोर्स करायचा असेल तर पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, दोन्हीकडे चौकशी करा.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेत पेट्या ठेवल्या तर उत्पन्न वाढेल का? एक जण भाड्याने पेट्या देतो म्हणतोय.

दादा, द्राक्षासाठी पैसे घालू नका. द्राक्षाच्या फुलाचं परागीभवन त्याचं त्यालाच होतं, माशीवाचून त्याचं काही अडत नाही. उलट ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने तुमचा फवारणीचा ब्लोअर किती वेळा फिरतो ते तुम्हाला माहितीये, त्यात माशी मरेल.

पण तुम्ही किंवा भाऊबंदांपैकी कोणी कांद्याचं बी धरत असेल तर गोष्ट वेगळी. डोंगळ्यावरच्या एकेका फुलात पराग आधी गळतो आणि त्याच फुलाची बी धरायची तयारी नंतर होते, म्हणजे दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यायलाच हवा, आणि ते काम माशी करते. सटाणा-मालेगावकडच्या डाळिंबालाही फळ धरायला माश्यांची मदत होते. पेटी मात्र थोडी फुलं उमलल्यावरच आणायची, अगदी आधी आणली तर माश्या शेजारच्या दुसऱ्याच फुलोऱ्याला लागतात आणि तुमच्याकडे बघतही नाहीत.

मागे आमच्या एका सदस्याच्या पेट्या डोंगळ्याशेजारी होत्या, बांधापलीकडे सकाळी दहाला फवारणी झाली आणि दुपारी पेटीच्या तोंडाशी माश्यांचा सडा पडला होता, कित्येकींची सोंड बाहेर आलेली, काही जागच्या जागी गोल फिरत होत्या. ज्याने औषध मारलं त्याला पेट्या आहेत हेच माहीत नव्हतं, त्याला दोष कसा देणार. तेव्हापासून आम्ही पेटी ठेवायच्या आधी चारही बांधांवरच्या शेतकऱ्यांकडे जाऊन चहा पितो, फोन नंबर देतो आणि हात जोडून एवढंच सांगतो की फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळा, मारावीच लागली तर सूर्य मावळल्यावर मारा आणि आदल्या दिवशी फोन करा. बहुतेक जण करतात, खरंच करतात.

प्रश्न : इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली मोठं पोळं लागलंय. तुमच्या ग्रुपने येऊन ते पेटीत भरून न्यावं ही विनंती.

ताई, वर्णनावरून ते आग्या मोहोळ आहे, उघड्यावर एकच भलंमोठं पोळं. आग्या पेटीत राहतच नाही, त्यामुळे आम्हीही नेऊ शकत नाही. ती फिरती माशी आहे, हंगाम सरला की आपणहून जाते. तोवर टाकीकडे जाणं बंद ठेवा, खाली शेकोटी, फटाके, दगड काही नको, रात्री त्या बाजूचा मोठा लाइट बंद ठेवा. जागा अगदीच जाण्या-येण्याची असेल तरच अनुभवी माणूस बोलवा, आणि विष मारून जाळू नका, हात जोडून सांगते.

प्रश्न : ओळखीच्या पेटीवाल्याकडून मध घेतला, थंडीत खाली साखरेसारखा गोठला. फसवलं का?

नाही हो. शुद्ध मधही गोठतो, त्यातलं ग्लुकोज थंडीत खडे धरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घरात कोणी कितीही आग्रह केला तरी.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला फार उत्सुकता आहे. आणू का? चावल्या तर?

जरूर आणा, पण आधी चावतील हे धरूनच या. माशी चावली की काटा कातडीत राहतो आणि त्याच्याबरोबरची विषाची पिशवी आत विष सोडत राहते, म्हणून नखाने लगेच खरवडून काढायचा, कसा काढला त्यापेक्षा किती पटकन काढला ते महत्त्वाचं. शिवाय चावल्या जागी एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, त्याने बाकीच्या चवताळतात, तेव्हा हात न झाडता शांतपणे लांब जायचं आणि तिथे धूर द्यायचा. सूज, आग, खाज हे सगळ्यांना होतं. पण अंगभर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं ह्यातलं काही झालं तर एक मिनिट न थांबता हॉस्पिटल. पूर्वी कधी असं झालं असेल तर तिला पेटीजवळ आणू नका आणि डॉक्टरांशी बोला.

मुलांना आम्ही पेटी उघडायला देत नाही, पेटीच्या तोंडापासून लांब, बाजूला बसवतो आणि दहा मिनिटांत किती माश्या मागच्या पायांना पराग लावून आल्या आणि कुठल्या रंगाचा ते मोजायला सांगतो. पिवळा, केशरी, मातकट, एकदा तर राखाडी पराग आला आणि तो कुठल्या झाडाचा म्हणून आम्ही मोठी माणसं पुढचा तासभर मळाभर फिरलो. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला तिला, केस बांधा, सेंट किंवा सुगंधी तेल नको, आठच्या आत पोचा. वही-पेन्सिल तिची तिने आणावी.